चिपाड, तूस आणि रंगाचं पाणी : शेतातल्या टाकाऊ मालाने सूतरंगाईचं सांडपाणी स्वच्छ करताना

इचलकरंजीच्या एका बाजूला कापड रंगवणारे कारखाने, दुसऱ्या बाजूला ऊस. सोलापुरात टॉवेल-चादरींची सूतरंगाई, तर जवळच्या शिवारांत तुरकाठ्या आणि भुईमुगाची टरफलं. ‘रंगाच्या पाण्यात चिपाडाची भुकटी टाकून बघू’ हा विचार इथे कुणालाही सुचावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो यशस्वीही होतो. मेथिलीन ब्लूचं निळं पाणी घ्या, त्यात चिपाडाची भुकटी घालून हलवा, अर्ध्या तासात पाणी जवळजवळ नितळ होतं. मग खऱ्या रंगखान्यातलं काळं-लाल पाणी आणून तीच भुकटी टाकली, की रंग हलत नाही, उलट पाण्यावर तपकिरी झाक चढते. बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात. म्हणून सुरुवात भुकटीपासून करू नका, रंगापासून करा.

आधी रंगाची जात ओळखा

वनस्पतीचा चोथा म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. साध्या पाण्यात त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. मेथिलीन ब्लूसारखे ‘बेसिक’ रंग धन भाराचे, ते लगेच चिकटतात. पण बेसिक रंग मुख्यतः अ‍ॅक्रिलिकसाठी वापरतात. कापसाच्या रंगाईत आज सर्वाधिक चालतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग. त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण भार. चोथाही ऋण, रंगही ऋण.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा काही भाग रंगाईच्या हौदातच पाण्याशी अभिक्रिया करतो आणि मग तो धाग्याला बांधला जाऊ शकत नाही. हा भाग धुवणीत सहज निघून जावा अशीच त्या रंगांची घडण असते. सांडपाण्यात येतो तो नेमका हाच भाग. जो रंग कापसाच्या सेल्युलोजला धरून राहिला नाही, तो उसाच्या सेल्युलोजला का धरून राहील?

तेव्हा डाईंग मास्तरांना विचारून रंगांच्या डब्यांवरची नावं उतरवून घ्या. ‘सी. आय. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५’ अशा नावातच जात लिहिलेली असते. ढोबळ नियम असा:

बेसिक रंग : धुतलेला साधा चोथा पुरतो.
रिअ‍ॅक्टिव्ह, डायरेक्ट, अ‍ॅसिड : साधा चोथा नको. कोळसा, सक्रिय (प्रक्रियेने जास्त सच्छिद्र केलेला) कोळसा किंवा प्रक्रिया केलेला चोथा लागेल.
डिस्पर्स, व्हॅट, सल्फर : सांडपाण्यात हे बरेचसे न विरघळलेल्या कणांच्या रूपात असतात. तुरटी किंवा पीएसी (पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) घालून खाली बसवणं स्वस्त पडतं. चोथ्याची गरजच नाही.

नमुना कसा घ्यावा

रंगखान्याचं पाणी तासातासाला बदलतं. सकाळी काळं पाणी, दुपारी फिकट गुलाबी, मध्येच साबणाची धुवण. एका बादलीवरून काहीच ठरवू नका. समतोल टाकी (वेगवेगळ्या वेळचं सांडपाणी एकत्र मिसळणारी) असेल तर ती ढवळून घ्या. नसेल तर २४ तास दर दोन तासांनी अर्धा लिटर पाणी एका कॅनमध्ये जमवा. पीएच जागेवरच मोजा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजा, आणि नमुना थंड जागी, शक्यतो ४ अंश सेल्सिअसला ठेवा. दोन-तीन दिवसांत चाचणी उरकावी. जुन्या नमुन्यात जिवाणू काही रंग स्वतःच फिकट करतात आणि त्याचं श्रेय चोथ्याला मिळतं.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत लिटरमागे ४० ते १०० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात, शिवाय सोडा अ‍ॅश. त्यामुळे पाणी खारट आणि पीएच १० च्या आसपास मिळेल. हे मीठ चोथ्याने जात नाही. कोळशानेही जात नाही. रंग गेलेलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण शेताला ते खारंच लागतं. तिरुप्पूरमध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रंगखाने बंद करायला लावले. तिथे रंगाइतकाच मिठाचाही प्रश्न होता.

माल निवडणं आणि तयार करणं

चिपाड : गुऱ्हाळावर सहज मिळतं, पण त्यात साखर उरलेली असते. न धुता वापरलं तर दोन दिवसांत आंबून वास मारतं. साखर कारखान्यातल्या बगॅसमध्ये (म्हणजे चिपाडातच) जवळपास निम्मं पाणी असतं आणि ते ‘टाकाऊ’ नसतं, बॉयलरमध्ये जळतं. शिवाय गळीत हंगाम संपला की मिळत नाही. वर्षभराचा साठा करायला जागा आहे का, हे आधी बघा.

भाताचं तूस : तूस म्हणजे वरचं कडक टरफल. कोंडा घेऊ नका, त्यात तेल असतं. तुसात सिलिका भरपूर, म्हणून ते लवकर कुजत नाही, पण पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने रंगही कमी धरतं.

भुईमुगाची टरफलं, नारळाची करवंटी, पऱ्हाटी, तुरकाठ्या, मक्याची बुरकुंडं : कोळशासाठी उत्तम. करवंटीचा कोळसा सर्वांत कठीण, नळकांड्यात भुगा होत नाही.

तयारी सगळ्यांची सारखीच. दगड-माती निवडा. साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. मग १ किलो मालाला १० लिटर गरम पाणी, ७० ते ८० अंश, एक तास. पाणी चहासारखं तपकिरी येईल. ते ओतून पुन्हा तसंच करा, पाणी जवळपास रंगहीन येईपर्यंत. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात. कारण चोथ्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं, रंग वाढवतं आणि सीओडीही (पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी) वाढवतं.

दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. मोठे तुकडे कडबा कुट्टीत आणि नंतर पल्व्हरायझरमध्ये बारीक करा. गावच्या पिठाच्या गिरणीत नेऊ नका, तिथे लोकांचं दळण होतं. चाळून ०.५ ते १ मिलिमीटरचे कण बाजूला ठेवा. त्याहून बारीक पूड बीकरमध्ये छान काम करते, पण नळकांड्यात चिखल होऊन पाणी अडवते. बुरशी आलेलं चिपाड दळू नका. त्याच्या धुळीने फुफ्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. दळताना आणि चाळताना चांगला मास्क हवाच.

बीकरमधली चाचणी

लागणारं सामान : २५० मिलिलिटरचे शंकूपात्र ८ ते १०, शेकर किंवा चुंबकीय ढवळणी, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज आणि रंगमापी किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर.

पहिल्या दिवशी ओळखीचा रंग घ्या. मेथिलीन ब्लूचं १, २, ३, ४ मिलिग्रॅम प्रति लिटर द्रावण करून ६६४ नॅनोमीटरच्या आसपास मोजा आणि आलेख काढा. रेषा सरळ आली तर हात आणि यंत्र दोन्ही ठीक. यंत्रावरचा शोषणाचा आकडा (अ‍ॅब्सॉर्बन्स) १ च्या वर गेला तर नमुना पातळ करा, नुसता आकडा लिहू नका.

खऱ्या सांडपाण्यात अनेक रंग मिसळलेले असतात, म्हणून एकच तरंगलांबी पुरत नाही. ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तिन्ही ठिकाणी मोजा. एकीकडे उतरून दुसरीकडे रंग वाढलेला दिसला, तर तो बहुधा चोथ्यातून उतरलेला तपकिरी रंग.

मग:

१. प्रत्येक पात्रात १०० मिलिलिटर पाणी. चोथा ०.१, ०.२, ०.४, ०.८ आणि १.६ ग्रॅम.

२. एका पात्रात फक्त रंगाचं पाणी, चोथा नाही. दुसऱ्यात साधं पाणी आणि ०.८ ग्रॅम चोथा. ही दोन पात्रं नसतील तर बाकीच्यांना अर्थ नाही.

३. मिनिटाला १५० फेऱ्या, तापमान सगळ्यांना सारखं. ५, १५, ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटांना थोडं थोडं पाणी काढा. पहिल्या अर्ध्या तासात वेगाने रंग उतरतो, नंतर वेग मंदावतो.

४. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी मोजा. गाळणकागद टाळा. कागदही सेल्युलोजच, तो मेथिलीन ब्लू स्वतःच धरतो. नाइलाज असेल तर पहिले १५-२० मिलिलिटर फेकून पुढचं मोजा. काचेलाही हा रंग चिकटतो, क्युव्हेट (नमुना मोजायची छोटी कुपी) अल्कोहोलने पुसा.

५. हीच चाचणी पीएच ३, ५, ७, ९ ला करा. मोजण्याआधी सगळे नमुने एकाच पीएचला आणा. काही रंग आम्लात स्वतःच बदलतात. काँगो रेड आम्लात निळा होतो, आणि नवखा माणूस ‘लाल रंग गेला’ म्हणून आनंदतो. काँगो रेड नवशिक्यांनी टाळावाच. तो बेन्झिडीनवर आधारलेला आहे आणि अशा रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीला ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, शेवटी ६ राहिले, पाणी ०.१ लिटर, चोथा ०.२ ग्रॅम. निघालेला रंग ४४ गुणिले ०.१ म्हणजे ४.४ मिलिग्रॅम. भागिले ०.२ म्हणजे ग्रॅममागे २२ मिलिग्रॅम, आणि टक्केवारी ८८. चोथा वाढवला की टक्केवारी वाढते, पण ग्रॅममागची क्षमता घटते. अहवालात नुसतं ‘९५ टक्के’ लिहिलेलं दिसलं की विचारा, किती ग्रॅम घातलं होतं?

आणि मिठाचं विसरू नका. डिस्टिल्ड पाण्यात आलेला आकडा खाऱ्या पाण्यात टिकत नाही. साध्या चोथ्यावर बेसिक रंगांची पकड मिठाने सैल होते. कोळशावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र मिठात बरेचदा जास्त बसतात. म्हणून शेवटची चाचणी कायम खऱ्या सांडपाण्यावर.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग असतील तर

पुस्तकी उत्तर असं, की पीएच २ वर आणा. पृष्ठभाग धन होतो, रंग चिकटतो. बीकरमध्ये ठीक आहे. पण लिटरला १ ग्रॅम सोडा अ‍ॅश असलेल्या १०,००० लिटर पाण्यात तो सोडा मारायलाच सुमारे ९ किलो गंधकाम्ल जातं, त्यापुढे पीएच २ गाठायला आणखी ५ ते ६ किलो, आणि सोडण्याआधी पुन्हा चुना. टीडीएस आणखी वाढला, जिप्समचा गाळ वेगळा. एवढं करून कुणी कारखाना चालवत नाही. पीएच ६ ते ७ पर्यंत आणा आणि माल बदला.

पहिला पर्याय, साधा कोळसा. २०० लिटरच्या लोखंडी पिंपाला तळाशी भोकं पाडा. पऱ्हाटी किंवा तुरकाठ्यांचे १०-१५ सेंटीमीटरचे वाळलेले तुकडे भरून वरून पेटवा. दाट पांढरा धूर विरळ निळसर झाला की तळाची भोकं मातीने लिंपा, वर झाकण ठेवून कडा बंद करा. दुसऱ्या दिवशीच उघडा. गरम असताना उघडलं तर सगळं पेटून राख होते. मालाच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कोळसा मिळतो. हे काम उघड्यावरच करा, या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. कोळसा धुऊन राख काढून टाका, नाहीतर पीएच चढतो.

दुसरा पर्याय, फॉस्फोरिक आम्लाचा सक्रिय कोळसा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांसाठी साध्या कोळशापेक्षा हा खूप सरस. १०० ग्रॅम टरफलाच्या भरडीला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल १०५ मिलिलिटर लागतं, म्हणजे मालाच्या दीडपट शुद्ध आम्ल. तेवढंच पाणी मोजून घ्या, त्यात हळूहळू हे आम्ल ओता आणि मग भरड भिजवा. आम्लावर पाणी कधीही ओतू नका. रात्रभर ठेवा, ११० अंशांना वाळवा, झाकणाच्या मुशीत दोन-तृतीयांश भरून ४५० अंशांच्या मफल भट्टीत एक तास. थंड झाल्यावर गरम पाण्याने धुवा, धुवणीचा पीएच ६ च्या वर येईपर्यंत. धुणं अर्धवट राहिलं तर पुढे पाण्यात फॉस्फेट उतरतं. पहिल्या धुवणीतलं आम्ल गटारात सोडू नका, पुढच्या खेपेला वापरता येतं.

सीटॅबसारख्या धन भाराच्या सर्फॅक्टंटमध्ये (साबणासारख्या रसायनात) तूस भिजवूनही पृष्ठभागाचा भार उलटवता येतो. कागदावर हे आकर्षक दिसतं, पण सीटॅब माशांना विषारी आहे आणि थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. आमचा कल याच्या विरोधात आहे.

नळकांडं

बीकर जमला की ४ इंची पीव्हीसी पाइप घ्या, दीड मीटर उंच, उभा. तळाला जाळी, त्यावर १० सेंटीमीटर धुतलेली खडी, मग ८० सेंटीमीटर कोळशाचा थर, वर पुन्हा जाळी आणि थोडी खडी. ही वरची जाळी चुकवू नका, तूस आणि हलका कोळसा तरंगून वर येतात.

भरताना कोरडा माल ओतू नका. रात्रभर पाण्यात भिजवून, हवा निघाल्यावर, पाइपात पाणी असतानाच थोडा थोडा सोडा. कोरडा भरला की हवेचे खिसे राहतात, पाणी वाट शोधून एकाच बाजूने निसटतं आणि अर्धा माल कोरा राहतो. पाणी खालून वर चढवलं तर हा धोका कमी होतो.

थराचं आकारमान सुमारे ६.३ लिटर. पाण्याला थरात अर्धा तास मिळावा, म्हणून ताशी १२.५ लिटर, मिनिटाला साधारण २१० मिलिलिटर. लिटरमागे पाव किलो धरला तर थरात दीड किलो कोळसा बसतो. बीकरमध्ये ग्रॅममागे २० मिलिग्रॅम आले असतील तर हिशेबाने ३० ग्रॅम रंग, म्हणजे ५० मिलिग्रॅमचं ६०० लिटर पाणी. नळकांड्यात त्याच्या निम्मं धरा, ३०० लिटर. साधारण एक दिवस. दर तासाला बाहेरचं पाणी मोजा. आत येणाऱ्या रंगाच्या १० टक्के रंग बाहेर दिसू लागला की थर बदला. एकाऐवजी दोन नळकांडी एकामागे एक लावली तर पहिलं पूर्ण भरेपर्यंत वापरता येतं आणि दुसरं राखणीला राहतं.

तास-दोन तासांतच प्रवाह बंद पडला तर कारण बहुधा सुताचे तंतू आणि गाळ. हे नळकांडं शेवटचं राखणदार आहे, पहिलं नाही. आधी जाळी, समतोल टाकी, पीएच, तुरटी किंवा पीएसी, गाळ बसवणं, जमल्यास जैविक प्रक्रिया, आणि त्यानंतर हे. तीन-चार दिवस थांबलेल्या नळकांड्यातून कुजल्याचा वास आला तर साध्या चोथ्याचा थर सडला आहे, तो काढून टाका. वाळवून पुन्हा वापरू नका.

मग त्या रंगलेल्या चोथ्याचं काय?

रोज १०,००० लिटर पाणी, ५० मिलिग्रॅम रंग. म्हणजे दिवसाला ५०० ग्रॅम रंग. प्रत्यक्षात ग्रॅममागे १० मिलिग्रॅम बसला तर रोज ५० किलो कोरडा माल, महिन्याला दीड टन. ओला होऊन बाहेर पडतो तेव्हा वजन तिप्पट-चौपट. रंग नाहीसा झालेला नाही, पाण्यातून निघून चोथ्यावर बसलाय. हा आकडा उभारणीच्या आधी मालकाला दाखवा.

हा चोथा गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळू नका. मोह होतो, कारण एरवी तिथे चिपाडच जळतं. पण रंगांत क्लोरीन, गंधक, काहींत तांबं किंवा क्रोमियम असतं, आणि वर कढईत गूळ शिजत असतो. शेणखतात मिसळू नका, जनावरांपुढे टाकू नका. बेसिक रंगांचा चोथा सौम्य आम्लाने आणि रिअ‍ॅक्टिव्हचा कोळसा सौम्य कॉस्टिकने काही अंशी धुऊन पुन्हा वापरता येतो, पण दर खेपेला क्षमता घटते आणि धुवणीचं घट्ट रंगीत पाणी शिल्लक राहतंच. दोन-तीन खेपांपुढे त्यात अर्थ नाही.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ, वापरलेला कार्बन आणि गाळणीचा माल यांची नोंद आहे. त्यामुळे हा माल अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा दर आधी विचारून घ्या. फुकटचा चोथा महाग पडतो तो इथे.

पाणी सोडायचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, प्रायोगिक नळकांड्यालाही. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये ठरलेल्या मर्यादा अशा: पीएच ६.५ ते ८.५, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, निलंबित कण १००, बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) ३०, सीओडी २५० आणि टीडीएस २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर. संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे. चाचणीचं पाणी नदीत किंवा नाल्यात न सोडता परत कारखान्याच्या समतोल टाकीतच सोडा. वापरलेला चोथा झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरा, पिंपावर तारीख, रंगाची जात आणि वजन लिहा, आणि छपराखाली पक्क्या फरशीवर ठेवा. पावसात उघडं राहिलेलं एकच पिंप महिनाभर काढलेला रंग अंगणात परत आणतं.